अपघातग्रस्ताची माहिती फक्त पोलिसांसाठी घेतात?

‘दवाखान्यात एवढे प्रश्न विचारतात ते पोलिसांसाठी, तोंड उघडलं की कोर्टाच्या खेपा’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी लोक कामाची माहितीही सांगत नाहीत, हे फार वाईट आहे.

पोलिसांसाठी एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायद्याशी संबंध येणारं प्रकरण) अशी नोंद होते, हे खरं. पण तिच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच तसं बजावलंय.

ट्रॉमा रजिस्ट्री, म्हणजे उपचार सुधारण्यासाठी ठेवलेली जखमींची नोंदवही, वेगळी. मुंबईतली केईएम व शीव रुग्णालयं, दिल्लीच्या एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम इथे २०१३ ते २०१५ दरम्यान १६ हजारांहून अधिक जखमींच्या नोंदी झाल्या. अशा नोंदीत काय असतं? मार कधी लागला, आधी कुठे नेलं होतं, पहिला रक्तदाब किती, हाकेला डोळे उघडले की चिमटा काढल्यावरच (यावरून ठरणारा शुद्धीचा अंक ३ ते १५, जितका कमी तितकी शुद्ध कमी), आणि शेवटी माणूस वाचला का. अभ्यासाला नाव-पत्ता लागतच नाही. एखादा मृत्यू नशिबावर ढकलला जातो. हजारो नोंदी एकत्र आल्या की उपचार कुठे उशिरा पोचले ते दिसतं.

म्हणून अपघाताची वेळ आठवून सांगा. जखमीला पोचवणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतच तशी तरतूद आहे.