परत आलेल्या संगणकांची खरेदी, दुरुस्ती व पुनर्विक्री

ग्राहकांनी किरकोळ विक्रेत्यांकडे परत केलेले डेस्कटॉप, लॅपटॉप, मॉनिटर इ. साहित्य एकगठ्ठा विकत घ्यायचे, तपासायचे, लागेल तिथे दुरुस्त करायचे आणि एकेक नग करून पुन्हा विकायचे, असा हा व्यवसाय आहे. जुन्या संगणकांच्या व्यापाराशी त्याचे नाते जवळचे, पण माल वेगळा. कार्यालयांनी चारपाच वर्षे वापरून काढून टाकलेल्या संगणकांची झीज एकसारखी आणि बरीचशी ओळखीची असते. परताव्याच्या मालातले यंत्र मात्र पुष्कळदा काही दिवसांचेच असते. ते का परत आले, हे सांगायला कोणी नसते. खोक्यावर चिकटवलेल्या कारणाच्या चिठ्ठीवर जाणकार फारसा भरवसा ठेवत नाहीत. पैसे परत मिळावेत म्हणून ग्राहक ‘खराब आहे’ असे सांगून मोकळा होतो आणि काउंटरवरचा कर्मचारी यादीतले सोयीचे कारण टिपतो.

परताव्याची कारणे : परत आलेला संगणक म्हणजे बिघडलेला संगणक, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या परताव्यांविषयी अ‍ॅक्सेंचर या सल्लागार संस्थेने २००८ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार परत आलेल्या वस्तूंपैकी ६८ टक्के वस्तूंत तपासणीअंती दोष सापडला नाही, २७ टक्के वस्तू केवळ मन बदलल्यामुळे परत आल्या होत्या आणि खरोखर सदोष अशा फक्त ५ टक्के होत्या. वायफाय जोडता न येणे, जुना प्रिंटर न चालणे, कीबोर्डचा स्पर्श न आवडणे, दुसरीकडे स्वस्त मिळणे अशी कारणे संगणकाच्या बाबतीत नेहमीची. कायद्यानेही परतावा सोपा केला आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दूरस्थ पद्धतीने, म्हणजे ऑनलाइन किंवा फोनवरून, घेतलेली वस्तू ग्राहकाला कोणतेही कारण न देता १४ दिवसांच्या आत परत करता येते. सणासुदीच्या खरेदीनंतरच्या आठवड्यांत तर विक्रेत्यांच्या गोदामांत परताव्याचे ढीग लागतात.

मग विक्रेता हे संगणक स्वतःच तपासून का विकत नाही? काही मोठे विक्रेते विकतातही. उघडलेल्या खोक्यातला माल म्हणून दुकानातच थोडी सवलत देऊन तो मांडतात. पण एक लॅपटॉप नीट तपासायला तंत्रज्ञाचा तास-दीड तास जातो आणि विक्रेत्याकडे मुळात तंत्रज्ञच नसतात. दरम्यान नवे मॉडेल येते, जुन्याची किंमत घसरते आणि गोदामातली जागा अडून राहते. उत्पादकाने परताव्यापोटी भरपाई दिली असेल, तर दुकानाला त्या नगात रसही उरत नाही. म्हणून तो ‘जसा आहे तसा’ या अटीवर विकून टाकणेच त्याला परवडते.

मालाचा प्रवास : दुकानापासून दुरुस्ती करणाऱ्यापर्यंत माल क्वचितच थेट येतो. उत्पादकाशी तसा करार असेल, तर काही नग त्याच्याकडे जातात. डेल, अ‍ॅपल यांसारख्या कंपन्या नव्याने सिद्ध केलेली यंत्रे स्वतःच्या विक्रीकेंद्रांतून विकतात. उरलेला माल परतावा केंद्रात गोळा होतो, वरवर पाहून त्याची प्रतवारी होते आणि पॅलेट (लाकडी फळीवर रचलेला ढीग) किंवा पूर्ण ट्रक या मापाने लिलावात निघतो. अशा लिलावांसाठी १९९९ मध्ये स्थापन झालेली लिक्विडिटी सर्व्हिसेस, त्यानंतरची बी-स्टॉक अशा खास कंपन्या आहेत. मोठे दलाल तिथून ट्रक उचलतात, फोडतात आणि लहान लॉट, म्हणजे गठ्ठे, करून पुढे विकतात.

या साखळीत प्रत्येक हात थोडे वेचून घेतो. बंद खोकी, वरच्या दर्जाची मॉडेले, हात लावताच चालू होणारी यंत्रे वाटेतच गळतात. तिसऱ्या-चौथ्या हातातून आलेल्या लॉटमध्ये ‘बहुतेक परतावे निर्दोष असतात’ हे सूत्र म्हणूनच लागू पडत नाही. तो निर्दोष भाग आधीच कोणीतरी विकलेला असतो. विकणाऱ्याला मालाची माहिती जास्त आणि घेणाऱ्याला कमी असली, की बाजारात वाईट माल चांगल्याला बाहेर ढकलतो, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले होते. परतावा संगणकांचा बाजार हे त्या विचाराचे आणखी चोख उदाहरण ठरावे. नवखे लोक सोल्डरिंग शिकण्यावर भर देतात. या धंद्यात नफा किंवा तोटा मात्र बराचसा बोली लावतानाच ठरून जातो.

बोलीचे गणित : लॉटसोबत बहुधा मॅनिफेस्ट, म्हणजे मालाची यादी, मिळते. तीत मॉडेल, नगसंख्या, कधी अनुक्रमांक आणि मूळ किरकोळ किंमत असते. मूळ किमतीच्या बेरजेवरून बोली लावणे हा हमखास बुडण्याचा मार्ग आहे. वर्षभरापूर्वीच्या लॅपटॉपची छापील किंमत आज कोणीच देत नाही. अनुभवी खरेदीदार उलट्या बाजूने मोजतो. चालू स्थितीतले तेच यंत्र आज जुन्या बाजारात कितीला जाते, हे तो झालेल्या सौद्यांवरून पाहतो, कारण विक्रेत्यांनी मागितलेली किंमत आणि हाती पडलेली किंमत यांत अंतर असते. त्यातून वाहतूक, चार्जर व सुटे भाग, कामाचे तास, विक्रीमंचाचे कमिशन आणि विकल्यावर पुन्हा परत येणारे नग वजा करायचे. यादीतले काही नग पूर्ण मृत निघतील असे धरून मगच उरलेल्या रकमेवर बोली. कामाचे तास हा खर्च लहान व्यावसायिक हटकून विसरतात.

यादीत एकाच मॉडेलचे अनेक नग असतील, तर लॉटची किंमत वेगळी धरावी लागते. फुटलेल्या पडद्याचा एक आणि जळालेल्या मदरबोर्डचा एक, असे दोन सारखे लॅपटॉप मिळून एक चांगला होतो आणि उरलेल्या सांगाड्यातून कीबोर्ड, पंखा, बिजागऱ्या, तळाचे झाकण असे भाग पुढच्या दुरुस्त्यांना मिळतात. अशा सांगाड्याला डोनर म्हणतात. वीस नग वीस मॉडेलांचे असले, की प्रत्येकासाठी भाग बाहेरून मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत यंत्र टेबलावर पडून राहते. मिश्र लॉट स्वस्त मिळतात ते याचमुळे. लॅपटॉपमध्ये रॅम व काही वेळा साठवणही मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असण्याचे प्रमाण वाढल्यापासून भागांची ही अदलाबदल अवघड झाली आहे.

तपासणी : माल उतरवल्यावर पहिले काम मोजणीचे व ओळख पटवण्याचे. खोक्यावरचा, यंत्राच्या तळाचा आणि बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) नोंदलेला असे तिन्ही अनुक्रमांक जुळतात का, हे पाहतात. काही ग्राहक नवा संगणक घेऊन त्यातली रॅम, एसएसडी किंवा ग्राफिक्स कार्ड काढून घेतात, जुना किंवा लहान क्षमतेचा भाग बसवून संगणक परत करतात. कधी तर नव्याच्या खोक्यात जुनेच यंत्र भरलेले निघते. डोकी झिजलेले स्क्रू आणि झाकणाच्या कडेवरचे ओरखडे हे त्याचे पहिले पुरावे. तक्रारीची मुदत थोडी असते, त्यामुळे ही मोजणी माल आल्या दिवशीच करतात आणि खोकी उघडताना चित्रीकरण करून ठेवतात.

फुगलेली बॅटरी दिसली, तर यंत्र चालू न करता ती आधी वेगळी काढतात. ट्रॅकपॅड वर उचलला जाणे किंवा तळाचे झाकण नीट न बसणे ही तिची खूण. पातळ पदार्थ सांडल्याची शंका असेल, तर कीबोर्ड काढून खालच्या बोर्डावर हिरवट-पांढरा गंज शोधतात. असे यंत्र आज चालले, तरी महिन्याभराने बंद पडू शकते, म्हणून पुष्कळ व्यावसायिक ते पूर्ण विकत नाहीत, भाग काढतात.

त्यानंतरची तपासणी सॉफ्टवेअरने होते. मेमटेस्ट८६ हा चाचणी-प्रोग्राम रात्रभर चालवून रॅम तपासतात. डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या, ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदींतून ती किती तास चालली, तिचे किती सेक्टर (साठवणीचे लहान कप्पे) बदलून घ्यावे लागले हे कळते. ‘नव्या’ म्हणून आलेल्या यंत्रातल्या डिस्कवर हजारो तास दिसले, की अदलाबदल उघड होते. बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता यांची तुलना विंडोजच्या बॅटरी अहवालातून मिळते. पडदा, वेबकॅम, प्रत्येक पोर्ट आणि प्रत्येक कळ मात्र हातानेच तपासावी लागते.

सर्वांत महाग पडतात ते अधूनमधून उगवणारे दोष. मृत मदरबोर्ड पाच मिनिटांत कळतो. तासभर तापल्यावरच अडकणारा किंवा पडद्याची बिजागरी विशिष्ट कोनात आली की चित्र घालवणारा लॅपटॉप टेबलावर सुरळीत चालतो, विकला जातो आणि परत येतो. पहिल्या ग्राहकानेही तो याच कारणाने परत केलेला असणे शक्य आहे, म्हणून ताण देऊन केलेली दीर्घ चाचणी टाळणे अंगाशी येते.

काही दोष एकट्या नगाचे नसून पिढीचे असतात आणि ते ठाऊक असणे हे हातातल्या कौशल्याइतकेच उपयोगी. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष इलेक्ट्रोलाइट (आतले रसायन) असलेल्या कपॅसिटरांनी, म्हणजे वीज साठवणाऱ्या लहान भागांनी, असंख्य मदरबोर्ड निकामी केले. फुगलेले कपॅसिटर बदलले, की यातले कित्येक पुन्हा चालत. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. २००८ मध्ये ग्राफिक्स चिप्स बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिप्सच्या बिघाडांसाठी मोठी तरतूद जाहीर केली. अशा चिपांना उष्णता देऊन, म्हणजे रिफ्लो करून, तात्पुरते जिवंत करण्याची पद्धत त्या काळी फार बोकाळली. दोष चिपच्या आतल्या जोडांत असल्याने यंत्र काही आठवडे चाले आणि पुन्हा मरे. त्याला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे. तेवढ्या अवधीत विकून मोकळे होणाऱ्यांनी या व्यवसायाचे नाव बरेच खराब केले.

कुलुपे आणि परवाने : यंत्र धडधाकट असूनही विकता न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सॉफ्टवेअरचे कुलूप. अ‍ॅपलची टी-२ ही सुरक्षा चिप किंवा अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅक यंत्रांत आधीच्या मालकाने आपले खाते काढले नसेल, तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे त्या खात्याशिवाय यंत्र सुरू होऊ न देणारे कुलूप, राहतो. संस्थांच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले लॅपटॉप पुन्हा पुन्हा त्या संस्थेच्या नावाने सुरू होतात. नवी डिस्क बसवूनही ते सुटत नाही. बायोसचा पासवर्ड हा आणखी एक प्रकार. कुलूप तोडण्याच्या युक्त्या फिरत असतात, पण कुलूपबंद यंत्र चोरीचे असू शकते. सरळ मार्ग म्हणजे पुरवठादाराला अनुक्रमांक कळवून कुलूप काढून मागणे किंवा नग परत करणे. लॉट घेण्याआधी ‘कुलूपबंद नगांचे काय?’ हा प्रश्न लेखी विचारून ठेवलेला बरा.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, उत्पादकाने दिलेल्या विंडोजची किल्ली फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या कायम सॉफ्टवेअरमध्ये, कोरलेली असते. त्यामुळे डिस्क बदलली तरी परवाना टिकतो. मदरबोर्ड बदलला, की तो जातो आणि खर्चात नव्या परवान्याची भर पडते. मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टची वेगळी परवाना योजना आहे; काही जण लिनक्स घालून विकतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही बऱ्याच जुन्या यंत्रांत नसलेली सुरक्षा-सुविधा मागते, त्यामुळे जुन्या प्रोसेसरांच्या लॉटचा भाव उतरला.

विदा (डेटा) पुसणे : ग्राहकाने दोनच दिवस वापरलेल्या यंत्रातही त्याचे फोटो, पासवर्ड, बँकेचे कागद असू शकतात. सिम्सन गारफिंकल व अभी शेलात या संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. चालू असलेल्या १२९ पैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या आणि बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक मिळाले. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर विषयाचे गांभीर्य वाढले. आज अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका, २००६ मध्ये प्रथम निघालेली, जगभर आधार मानली जाते. एसएसडीवर नुसते पुन्हा लिहून भागत नाही, कारण झीज समान वाटण्यासाठी ती विदा परस्पर हलवत राहते आणि जुन्या प्रती हाताला न लागणाऱ्या भागात उरतात; तिथे डिस्कचीच पुसण्याची आज्ञा किंवा कूटबद्धीकरणाची (एन्क्रिप्शनची) किल्ली नष्ट करणे हा उपाय. काही विक्रेते ही जोखीमच नको म्हणून डिस्क काढून घेतलेले लॉट विकतात.

विक्री : दुरुस्त माल स्वतःच्या दुकानातून, लिलाव-संकेतस्थळांवरून किंवा अ‍ॅमेझॉन रिन्यूड आणि २०१४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेले बॅक मार्केट यांसारख्या खास मंचांवरून जातो. हे मंच प्रतवारीचे नियम आणि हमी ठरवून देतात. ओरखडा फोटोत दाखवणे आणि बॅटरीची उरलेली क्षमता लिहिणे यांमुळे भाव थोडा कमी येतो, पण परत येणारे नग त्याहून जास्त घटतात. यंत्र ‘नवे’ म्हणून विकणे बहुतेक ठिकाणी कायद्याने फसवणूक ठरते.

उरलेला भाग : लॉटचा शेवटचा हिस्सा नेहमीच भंगार असतो. त्याची विल्हेवाट आर२ किंवा ई-स्ट्युअर्ड्स ही प्रमाणपत्रे असलेल्या पुनर्चक्रणकर्त्यांकडे लावण्याची प्रथा आहे. न तपासलेले, बंद संगणक ‘जुनी उपकरणे’ म्हणून दुसऱ्या देशात पाठवण्यावर घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या ने-आणीविषयीच्या १९८९ च्या बासेल कराराची बंधने येतात. १ जानेवारी २०२५ पासून घातक नसलेला ई-कचराही आयात करणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीच्या अटीखाली आला आहे. बिघडलेल्या किंवा फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यास मनाई असून त्या ठराविक वेष्टनातच पुनर्चक्रणाला धाडाव्या लागतात.