डिसेंबरात पाचवर पंखा

डिसेंबरातली पहाट. काका दुलईत गुरफटलेले आणि मावशीने पंखा पाचवर लावलेला. छातीतून मानेकडे लाट चढायची, चेहरा लालबुंद व्हायचा, गाऊन पाठीला चिकटायचा. पाच मिनिटांनी तीच मावशी कुडकुडत पंखा बंद करायला उठायची. घरातल्यांचं निदान ठरलेलं: "उष्णता वाढलीय, सब्जा घे." सब्जा झाला, कोकम झालं, गुलकंदाच्या दोन बरण्या संपल्या.

पाळी जाण्याच्या वयात येणाऱ्या या लाटांना वाफा म्हणतात. गंमत म्हणजे तेव्हा अंगात उष्णता फारशी वाढलेलीच नसते.

अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी पाळी गेलेल्या बायकांना एक तापमापक गोळी गिळायला दिली आणि शरीराच्या आतलं तापमान सतत मोजलं. घाम कधी फुटतो आणि कुडकुडायला कधी होतं, हे त्यांना पाहायचं होतं. वाफांचा त्रास नसलेल्या बायकांमध्ये या दोन टोकांत सुमारे ०.४ अंश सेल्सियसचं अंतर निघालं. त्रास असलेल्यांमध्ये ते जवळपास शून्य होतं. म्हणजे सहन करायला जागाच नाही. गरम चहाचा घोट, कुकरची वाफ, अंगावरची चादर, एवढंसं निमित्त पुरतं. मेंदूला वाटतं शरीर तापलं. तो त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल सोडतो, घाम काढतो. नको असताना उष्णता बाहेर जाते आणि मग थंडी वाजते.

मेंदूचा हा अंदाज चुकतो कशामुळे? मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजं असतात. पन्नाशीच्या आसपास जेमतेम हजारेक उरतात. हा साठा संपत आला की इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयांतून येणारं हार्मोन, आटतं. १९९०च्या सुमारास नेओमी रान्स या संशोधिकेला मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या काही पेशी चांगल्याच फुगलेल्या होत्या. या पेशींवर एरवी इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जोरात सोडू लागतात, आणि तापमान सांभाळणारं केंद्र त्यांच्या शेजारीच आहे. २०१५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी पाळी नियमित असलेल्या तरुण मुलींना हेच रसायन शिरेतून दिलं, तर त्यांच्यातल्या बहुतेकींनाही वाफा आल्या!

मग हे रसायन अडवणाऱ्या गोळ्या आल्या. या जातीची औषधं आधी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावर आजमावली होती, तिथे ती चालली नाहीत. त्यांतल्या फेझोलिनेटँटला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात हार्मोन नाही, पण यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

आटलेल्या इस्ट्रोजेनची भरपाई करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की अजून भुवया उंचावतात. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढल्यामुळे मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र बातम्यांत हरवलं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईसाठी हिशेब बहुधा फायद्याकडे झुकतो. स्तनांचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झालेलीचं गणित वेगळं.

आणखी एक. इस्ट्रोजेन एका रेषेत उतरत नाही. पाळी जाण्याआधीची काही वर्षं ते गावाकडच्या व्होल्टेजसारखं वरखाली होतं, म्हणून पंचेचाळिशीनंतर एकदाच केलेल्या हार्मोनच्या रक्ततपासणीतून फारसं कळत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली म्हणायची. त्यानंतर रक्ताचा डाग जरी दिसला तरी डॉक्टर गाठायचा, तिथे सब्जा नको.

आपल्याकडे "पिशवी काढली" म्हणणाऱ्या बायका गल्लोगल्ली भेटतात. त्यांचा गोंधळ निराळाच. फक्त पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात, वाफा पुढे कधीतरी येतात आणि बाई विचारते, "पाळी तर कधीच गेली, मग हे आता काय?" अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं आणि त्रास जास्तच होतो. ऑपरेशनच्या कागदावर नेमकं काय काढलं ते लिहिलेलं असतं. तो कागद जपून ठेवावा.

मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. तिला एकच प्रश्न पडला: गिळलेली ती गोळी त्यांनी परत कशी मिळवली?