निऑन की कार्डिनल: आधी लाल पट्टा पाहा, मग शेजारी निवडा

घरातल्या छोट्या टाकीसाठी टेट्रा हे छोटे शोभेचे मासे घेताना निऑन आणि कार्डिनल ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोघांच्या अंगावर चमकती निळी रेघ, खाली लाल पट्टा, आणि दोघंही थव्यानं राहणारे. फरक नुसता रंगाचा असता तर कोणताही उचलला तरी चाललं असतं. पण यातला मासा ठरला की टाकीचं तापमान ठरतं, आणि तापमान ठरलं की बरेचसे संभाव्य शेजारी तिथेच बाद होतात.

ओळखायचं असेल तर पोट पाहा. निऑनचा लाल पट्टा शरीराच्या साधारण मध्यावर सुरू होऊन शेपटीच्या मुळापर्यंत जातो. त्याच्या पुढचं पोट पांढरट-चंदेरी असतं. कार्डिनलचा लाल रंग कल्ल्यांजवळून निघून पोटाखालून सलग शेपटीपर्यंत पोचतो. आकारावर विसंबू नका. पूर्ण वाढलेला निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटरचा आणि कार्डिनल चार ते पाचचा असतो खरा, पण विकायला येतात ती पिल्लं, आणि त्या वयात दोघं एकाच मापाचे दिसतात. लाल रंग जेमतेम आणि निळी रेघ मात्र थेट शेपटीच्या मुळापर्यंत गेलेली दिसली, तर तो तिसराच, ग्रीन निऑन.

एक सूचना: अंधारात दोघांचेही रंग उतरतात. सकाळी दिवा लावल्याबरोबर टाकीत पाहिलं तर निळी रेघ मळकट आणि लाल पट्टा पुसल्यासारखा दिसतो. थोड्या वेळात रंग परत येतो. तेवढ्यात ‘मासे आजारी पडले’ म्हणून औषध ओतू नका.

निऑन मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागातला, कार्डिनल ओरिनोकोच्या वरच्या भागातला आणि रिओ निग्रोचा. शास्त्रीय नोंदीत निऑन १९३६ साली आला, कार्डिनल १९५६ साली. म्हणून आधी माहीत झालेल्याचं नाव दुसऱ्यालाही चिकटलं असावं. रिओ निग्रोचं पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखं दिसतं. ते अतिशय मऊ, आम्लधर्मी आणि वर्षभर उबदार असतं. कार्डिनलच्या मागण्या तिथूनच येतात. त्याला २५ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. निऑन २२ ते २५ अंशांत खूश असतो. २८ अंशांवर ठेवलेला निऑन लगेच मरत नाही, आणि घोटाळा इथेच होतो. शरीरातल्या क्रियांचा वेग वाढलेला, पाण्यातला प्राणवायू कमी झालेला. मासा लवकर झिजतो आणि आजारांना पटकन बळी पडतो. उलट कार्डिनल २१ अंशांवर सुस्तावतो, खाणं कमी करतो आणि अंगावर पांढरे ठिपके पडण्याचा धोका वाढतो.

हीटर पाणी तापवतो, थंड करत नाही. ज्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात आपसूक २८-२९ अंशांवर जातं, तिथे निऑनचा हट्ट धरू नये, कार्डिनल घ्यावा. पाणी २३-२४ अंशांच्या आसपास राहत असेल तर निऑन घ्यावा. हे मोजूनच ठरवा. थर्मामीटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा आणि आठवडाभर दुपारचा व पहाटेचा आकडा लिहून ठेवा.

आता पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार. बाजारातले निऑन जवळपास सगळे फार्मवर वाढवलेले असतात, त्यामुळे मध्यम कठीण पाण्याशी आणि ७ च्या आसपासच्या पीएचशी त्यांचं जमतं. कार्डिनलमध्ये नदीतून पकडलेले अजूनही बरेच असतात; त्यांना मऊ पाणी आणि ७ च्या खालचा पीएच हवा. पीएच उतरवणारी बाटली विकत घेऊन उपयोग नाही. पाण्यातले कार्बोनेट पीएचला पुन्हा वर ढकलतात, आणि त्या चढउतारानं माशांचे जास्त हाल होतात. त्यापेक्षा आरओचं पाणी मिसळा: नळाच्या पाण्याचा कठीणपणा १२ असेल तर निम्मं आरओ मिसळल्यावर तो ६ होतो. पाणी बदलताना दर वेळी हेच प्रमाण ठेवा.

टाकी ६० × ३० × ३० सेंटिमीटरची धरू. काठोकाठ भरली तर ५४ लिटर; वाळू, दगड वजा जाता ४५ च्या आसपास. यात दहा-बारा टेट्रा आणि सहा छोटे कोरी (तळाशी वावरणारे मासे), एवढंच बसवा. सहापेक्षा कमी टेट्रा ठेवले तर ते झाडांमागे दडून बसतात किंवा आपसात पाठलाग करत राहतात.

निऑनच्या थंड पाण्यात पांडा कोरी शोभतात, झेब्रा डॅनिओही चालतात. फक्त डॅनिओ खाण्यावर झडप घालतात, तेव्हा खाणं दोन ठिकाणी टाका. कार्डिनलच्या उबदार पाण्यात हनी गुरामी किंवा रॅम या छोट्या माशांची जोडी बसते. स्टर्बाय कोरीलाही हेच तापमान आवडतं, पण तो सहा सेंटिमीटरच्या पुढे जातो. या टाकीत त्याचा थवा गर्दी करील. पिग्मी कोरी अडीच सेंटिमीटरचाच, आणि २४-२५ अंशांवर तो दोघांबरोबरही राहतो. फायटर कार्डिनलच्या तापमानात बसतो, पण एखादा फायटर पहिल्या दिवसापासून हल्ला करतो. त्याला हलवायला दुसरी टाकी तयार नसेल तर हा प्रयोग नको.

गप्पी आणि टेट्रा ही जोडी सगळीकडे दिसते, तरी ती चुकीचीच वाटते. गप्पीला कठीण, अल्कधर्मी पाणी हवं, टेट्राला मऊ. कुणीतरी एक कायम तडजोड करत जगतो. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो. एंजल वाढला की निऑन अख्खा गिळतो. गोल्डफिशबद्दल तर बोलायलाच नको.

विकत घेताना दोघांत वेगवेगळ्या खुणा शोधायच्या. निऑनमध्ये लाल पट्ट्यात मधेच पांढरा डाग, पाठीच्या स्नायूंत फिकट चट्टा, वाकलेला कणा किंवा थव्यापासून दूर राहणारा मासा दिसला तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका. हा निऑन टेट्रा रोग स्नायूंत शिरणाऱ्या परजीवीमुळे होतो, त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि मेलेला मासा इतरांनी खाल्ला की तो पसरतो. तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर असेल तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. त्यावर वेळीच औषध दिलं तर मासा वाचू शकतो. कार्डिनललाही हे दोन्ही होऊ शकतं, पण त्याच्यात आधी पोट पाहा. नदीतून आलेले मासे प्रवासात उपाशी राहतात. पोट आत गेलेला मासा घेऊ नका. गोलसर पोटाचा आणि तिथल्या तिथे खाणं उचलणारा घ्या.

दोघांनाही नवी टाकी चालत नाही. फिल्टर चार ते सहा आठवडे चाललेला असावा, अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं) शून्य यायला हवेत. विकत आणलेले मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मासे टाकीत सोडताना पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग मासे त्यांच्या पाण्यासकट बादलीत घेऊन बारीक नळीनं टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. पाऊण तासात पाणी दुप्पट-तिप्पट झालं की मासे जाळीनं उचला. बादलीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवा. खाणं दुसऱ्या दिवशी, तेही चुरून: दोघांचीही तोंडं इतकी लहान की अख्खा दाणा तोंडात घेऊन ते थुंकून टाकतात, आणि तो तळाशी सडतो.