घरगुती नेटवर्कवरील संथ फाइल-कॉपी

एकाच घरातल्या दोन संगणकांत, किंवा संगणक आणि नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्क यांच्यात, फाइली अपेक्षेपेक्षा फार हळू सरकणे. इंटरनेटच्या प्लॅनशी याचा संबंध नसतो. ही वाहतूक राउटरपर्यंत जाऊन घरातच परत फिरते, म्हणून १०० मेगाबिटचा प्लॅन ३०० चा केला तरी कॉपी तेवढीच रेंगाळते. दोष शोधायचा तर आधी मोजावे, मग पैसे खर्च करावेत.

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते. ८ बिटांचा १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडावर सेकंदाला ११ ते १२ मेगाबाइट (एमबी) आणि गिगाबिटवर (१००० मेगाबिट) ११० एमबीच्या आसपास मिळाले, की जोड पुरेपूर वापरला गेला असे समजावे. लग्नाचे ५० जीबी चित्रीकरण पहिल्या जोडावर सव्वा तास घेते, दुसऱ्यावर आठेक मिनिटे. एकच मोठी फाइल ११ च्या आकड्याला चिकटून स्थिर चालत असेल, तर वाटेतला एखादा दुवा १०० वर चालतो आहे हे जवळजवळ नक्की. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील इथरनेटच्या (केबलच्या जोडाच्या) पानावर ‘लिंक स्पीड’ दिसते. दोन्ही संगणकांवर ती पाहावी. दोन्हीकडे १००० असूनही आकडा ११ वरच राहिला, तर मधल्या भिंतीमागे किंवा टीव्हीमागे विसरलेला जुना नेटवर्क स्विच (एका केबलच्या अनेक जोडण्या करणारी डबी) शोधावा. राउटरचे पोर्टही तपासावेत. स्वस्त राउटरवर वाय-फायचा आकडा मोठा छापलेला असतो, पण केबलची पोर्ट १०० चीच निघतात.

पोर्ट गिगाबिट असूनही जोड १०० वर उतरत असेल, तर केबल दोषी धरावी. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात: पिना १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, क्रिम्पिंगमध्ये (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना) नीट बसली नाही, किंवा कुणी ती इंटरकॉमसाठी वळवली, तर संगणकांची बरीच नेटवर्क कार्डे गुपचूप १०० वर उतरतात आणि नेट सुरूच असल्याने कुणाला शंका येत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत खिडकीतून किंवा डक्टमधून आत आलेल्या केबलच्या पिना काळवंडतात, तेही पाहावे. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घेताना पूर्ण तांब्याची, कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार वजनाला हलकी असते आणि ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. ती वाकवताना लवकर तुटते. तयार प्लग बसवलेली, चालते अशी खात्री असलेली केबल तात्पुरती लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त तपास आहे. कार्डाचा वेग हाताने ‘१०० फुल’ (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) वर बांधून ठेवू नये: समोरचे टोक ‘ऑटो’वर (वेग आपोआप ठरवणे) असेल तर ते हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरते, टकरी होतात आणि वेग कोसळतो.

वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलते. दोन्ही लॅपटॉप वाय-फायवर असले तर प्रत्येक तुकडा दोनदा हवेतून जातो आणि वेग निम्मा होतो. ८६६ मेगाबिट दाखवणाऱ्या जोडावरही मग सेकंदाला २५-३० एमबी मिळाले तर ते ठीकच म्हणावे. निदान एक संगणक केबलने जोडावा. याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. दाटीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११, आणि ती वरखालच्या शेजाऱ्यांत वाटली गेलेली असतात. ५ गिगाहर्ट्झ घ्यावे. मात्र सळयांच्या काँक्रीट भिंतीपलीकडे ते झपाट्याने क्षीण होते, म्हणून राउटर दाराजवळच्या मीटरच्या कपाटात ठेवू नये.

दोष जोडात की डिस्कमध्ये, हे आयपर्फ३ या मोफत साधनाने कळते. एका संगणकावर ते सर्व्हर म्हणून चालवावे, दुसऱ्यावरून त्याच्या आयपी पत्त्याकडे (नेटवर्कवरील त्याच्या क्रमांकाकडे) चाचणी सोडावी. यात डिस्क वापरलीच जात नाही. ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला तर नेटवर्क निर्दोष आहे. मग यूएसबी २.० पोर्टात लावलेली डिस्क (३०-४० एमबीची मर्यादा), भरत आलेली जुनी हार्ड डिस्क किंवा प्रत्येक फाइल तपासणारा अँटिव्हायरस पाहावा.

हजारो लहान फोटो मात्र निर्दोष नेटवर्कवरही हळूच जातात, कारण प्रत्येक फाइल उघडणे, नोंदवणे आणि बंद करणे यात वेळ जातो. त्यांची एक झिप करून पाठवावी, नाहीतर विंडोजमधील रोबोकॉपी ही कॉपीची आज्ञा ‘एमटी’ पर्यायासह वापरावी. ती आपणहून एका वेळी ८ धाग्यांनी, म्हणजे समांतर चालणाऱ्या ८ कामांनी, कॉपी करते.