भोकांचा दगड आणि विहिरीचं पाणी

टाचा घासायला बाजारात मिळणारा राखाडी, भोकाभोकांचा दगड खरा प्युमिस असेल, तर बादलीत टाकल्यावर तरंगतो. (काही नग कृत्रिमही असतात.) जमिनीखालचा सिलिकायुक्त, चिकट शिलारस वर येताना दाब घटतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसे त्यातले वायू फसफसून बाहेर येतात. तो फेस झटकन थिजतो. म्हणून प्युमिस ही खरं तर काच आहे, आणि तिच्यात निम्म्याहून जास्त पोकळीच. घासताना पातळ भिंती फुटतात, नव्या धारा उघड्या पडतात. दगड झिजतो पण बोथट होत नाही. जीन्सला जुनाट रंग आणायलाही तो वापरतात. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा सुमारे 43 मीटर व्यासाचा घुमट पेलतो, त्याचं एक कारण म्हणजे वरच्या भागातल्या काँक्रीटमध्ये घातलेला हाच हलका दगड. 1883 साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा प्युमिसचे तांडे तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते.

बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ या आपल्या पट्ट्यातला काळा दगडही ज्वालामुखीचाच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण हा बेसॉल्ट. त्याचा लाव्हा पातळ होता, वायू सहज निसटले, त्यामुळे फेस झाला नाही. जे बुडबुडे उरले ते बहुतेक थराच्या माथ्याकडे सरकले आणि तिथेच अडकले. असे लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, म्हणून विहीर खणताना कधी घट्ट काळा पाषाण लागतो, कधी भोकांचा मांजऱ्या. पाषाणाला सुरुंग लावावे लागतात. मांजऱ्या त्या मानाने लवकर फुटतो, म्हणून तो लागला की शेतकऱ्याला हायसं वाटतं.

पण भोकं दिसली म्हणजे पाणी लागलं, असं नाही. मांजऱ्यातला प्रत्येक बुडबुडा बहुधा सुटा असतो. शेजारच्या भोकात जायला वाट नसेल, तर पाणी शिरणार कुठून? शिवाय कित्येक भोकांत नंतर झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजं भरली. फोडलेल्या दगडात पांढरे चकचकीत ठिपके दिसतात ते हेच. पाणी खेळतं ते खडकाला भेगा गेल्यावर किंवा तो कुजून मुरमासारखा झाल्यावर, कारण तेव्हा ही सुटी भोकं एकमेकांना जोडली जातात. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंच्या विहिरींपैकी एक उन्हाळाभर पाणी देते आणि दुसरी फेब्रुवारीतच तळ दाखवते, ती बऱ्याचदा यामुळे. यात नशिबाला दोष देण्यासारखं फारसं नसतं.

सहा इंची बोअरला अशी भेग सापडली तर सापडली. रुंद विहिरीला चहूबाजूंच्या भेगा भेटायची शक्यता जास्त, आणि रात्रभर पाझरलेलं पाणी सकाळच्या मोटरपंपासाठी साठूनही राहतं. विहिरीच्या भिंतीत आडवे बोअर मारतात तेही याच हिशेबाने: खोली वाढत नाही, पण बाजूच्या भेगांशी गाठ पडते.