ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणि ‘प्रोग्रामेबल’ शब्दाची भीती

मुंबईत बारावी बोर्डाच्या पेपरला आजही लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. इंजिनीअरिंगला कॅसिओचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर एफएक्स-९९१ हातात येतो, त्यासोबत ‘प्रोग्रामेबल (म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम साठवून चालवणारा) चालणार नाही’ ही अट. ग्राफ काढणारा कॅल्सी दिसतो तो मुख्यतः आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या मुलांकडे. तिथेही २०२१ पासून गणिताच्या दोन कोर्सपैकी ‘ॲनालिसिस’चा पेपर १ कॅल्क्युलेटरविना असतो, ‘ॲप्लिकेशन्स’च्या मात्र सगळ्या पेपरांना तो लागतोच.

ग्राफिंग आणि प्रोग्रामेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅसिओचाच एफएक्स-५८००पी प्रोग्राम साठवतो, ग्राफ काढत नाही. एफएक्स-९९१ समीकरणं सोडवतो, पण त्यात प्रोग्राम साठवता येत नाही. गल्लत झाली कारण १९८५ चा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर, एफएक्स-७०००जी, प्रोग्रामही घेत होता; जागा अवघी ४२२ बाइट.

हौशी प्रोग्रामरांचं खरं मैदान ठरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआय) १९९९ चा ग्राफिंग कॅल्क्युलेटर टीआय-८३ प्लस: ६ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, वापरायला २४ केबी रॅम, १६० केबी आर्काइव्ह, म्हणजे कायमच्या साठवणीची जागा. अंगभूत बेसिक ही सोपी प्रोग्रामिंग भाषा संथ, म्हणून गेम असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहायचे. असेंब्लीत लूप अडकला तर ‘ऑन’ दाबून सुटका नाही, कारण ती कळ तपासणारा इंटरप्रिटर (बेसिकच्या ओळी वाचून चालवणारा भाग) चालूच नसतो. मग एक सेल काढून परत घालायचा. रॅम पुसली जाते, आर्काइव्हमधलं बहुधा टिकतं. म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी आर्काइव्ह करायची सवय लागली.

असे प्रोग्राम परीक्षेत गैरवापरले जातील का, या वादाचा निर्णय आला २०२० मध्ये. परीक्षा मोडला, म्हणजे परीक्षेपुरते साठवलेले प्रोग्राम बंद ठेवणाऱ्या सोयीला, बगल देता येते हे एका व्हिडिओतून दिसल्यावर टीआयने आपल्या पुढच्या टीआय-८४ प्लस सीई या मॉडेलच्या नव्या सिस्टिममधून असेंब्ली आणि सी प्रोग्राम चालवण्याची सोयच काढून टाकली. बेसिक राहिलं. कारण परीक्षेच्या सुरक्षेचं दिलं गेलं, आणि ती काळजी खोटी नव्हती. पण परीक्षा मोडमधली फट बुजवणं एक आणि वर्षभर घरी शिकणाऱ्या मुलाच्या हातून यंत्राची खरी भाषा काढून घेणं दुसरं. त्या मुलाला रजिस्टर, स्टॅक, मेमरीचा पत्ता या प्रोसेसरच्या आतल्या कामकाजाच्या गोष्टी स्वतःच्या खिशातल्या वस्तूवर दिसत होत्या. पुढे हौशींनी कॅल्क्युलेटरवरच्या भूमितीच्या ॲपमधली त्रुटी वापरून असेंब्ली चालवायची वाट काढली. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला ती आपणहून सापडणं कठीण. नंतर या यंत्रात आलेली पायथन ही भाषा उपयोगी आहे, मात्र ती प्रोसेसरपर्यंत पोचू देत नाही.

मेच्या परीक्षेनंतर सीनियरकडून जुना सीई घेताना ‘सेकंड’, मग ‘+’ आणि ‘अबाउट’ दाबून आवृत्ती बघावी. ५.५ च्या आधीची असेल तर असेंब्लीची सोय शाबूत आहे, म्हणून संगणकाला जोडल्यावर येणारं अपडेट स्वीकारू नये. एकदा वर गेलं की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.