काळा डाग तोच, आत पाणी आहे की रक्त?

"डोक्यात पाणी झालंय म्हणतात हो बाळाच्या." सिंहगड रस्त्याकडून आलेल्या आत्यांनी आठव्या महिन्याचा रिपोर्ट पुढे केला. भाची शेजारी गप्प बसून होती. रिपोर्टात एवढंच होतं: मेंदूच्या मध्यरेषेवर, मागच्या बाजूला, काळी पोकळी. 'पाणी' हा शब्द वाटेत कुणीतरी जोडला होता.

तो घाईनं जोडलेला शब्द आहे. सोनोग्राफीच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पाणी काळं दिसतं, तसंच वाहतं रक्तही काळंच दिसतं. आणि त्या जागी दोन्ही सापडू शकतं: अरॅक्नॉइड सिस्ट किंवा व्हेन ऑफ गेलन मालफॉर्मेशन.

सिस्ट म्हणजे मेंदूवरच्या पातळ आवरणाच्या पदरांत साठलेल्या मेंदूजलाची पिशवी. बहुतेक बाळांना तिचा त्रास होत नाही. ती वाढून मेंदूजलाची वाट अडली तर मात्र डोक्यात खरंच पाणी साठतं.

दुसरी गोष्ट, म्हणजे गेलनच्या शिरेतला हा दोष, सावकाश समजून घ्यायला हवी. गर्भाच्या मेंदूत सुरुवातीला मधोमध एक तात्पुरती शीर असते. साधारण अकराव्या आठवड्यापर्यंत ती विरून जायला हवी. काही बाळांत ती राहते आणि मेंदूच्या धमन्या थेट तिच्यात उघडतात, मध्ये केशवाहिन्यांची जाळी नसते. धमनीचा जोर शिरेला सोसत नाही, म्हणून ती फुगते. बहुधा हे शेवटच्या तीन महिन्यांतच दिसतं, त्यामुळे पाचव्या महिन्याचा स्कॅन चांगला होता म्हणून कुणाला दोष देऊ नये.

फुगलेली शीर मेंदूला दाबते म्हणून इजा होते, असं अनेकांना वाटतं. मुख्य कारण वेगळं आहे. शिरांतला दाब चढला की मेंदूतलं रक्त आणि पाणी बाहेर पडायला अडतं, शिवाय पेशींकडे जायचं रक्त आडवाटेनं निघून जातं. काही बाळांचा मेंदू पोटातच विरघळू लागतो. हृदयाचं संकट बहुधा जन्मानंतर येतं. तोवर वार (प्लासेंटा) पुष्कळ रक्त स्वतःकडे ओढून घेत असते. नाळ कापली की तो लोंढा डोक्याकडे वळतो आणि हृदय थकतं.

सिस्ट आणि ही शीर यांतला फरक कलर डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी, मिनिटभरात दाखवते. पोकळीवर रंगाची चौकट ठेवली की गेलनच्या शिरेत लाल-निळे भोवरे उसळतात. सिस्ट काळीच राहते. हे पाहिलं नसेल तर तो रिपोर्ट मी अर्धाच मानते.

रंग भरला तर फीटल एमआरआय, म्हणजे पोटातल्या बाळाचा एमआरआय, लांबवू नका. मेंदूला इजा झालीय का आणि रक्त बाहेर नेणारी शीर किती रुंद आहे, हे त्यात कळतं. शीर जितकी रुंद, तितका जन्मानंतरचा धोका मोठा. बाळंतपण अशाच ठिकाणी करा जिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे आणि जांघेतल्या धमनीतून नळी घालून धमन्यांचे शिरेत उघडणारे हे थेट मार्ग बंद करणारे डॉक्टरही आहेत. जन्मल्यावर अँब्युलन्सनं नेण्यापेक्षा बाळाला आईच्या पोटातूनच तिथे नेलेलं बरं. हृदय साथ देत असेल तर उपचारासाठी चार-सहा महिने थांबता येतं. बोस्टनमध्ये २०२३ साली ३४व्या आठवड्यात हा उपचार गर्भातच केला गेला. मेंदूची इजा आधीच मोठी असेल तर तेही आईबापांना स्पष्ट सांगायला हवं. आपल्या गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळानं गंभीर व्यंगाचं निदान केलं तर गर्भपाताला २४ आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.

आत्यांच्या भाचीच्या बाळात रंग भरला नाही. एमआरआय आणि तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, असं लिहून दिलं. तेव्हा भाची पहिल्यांदा बोलली, "ठोके ऐकवता का एकदा?"